अगत्ती: समुद्रात आखलेली छोटी धावपट्टी

गुरुवार

गोव्याहून थेट लक्षद्वीपला जाता येतं, हे आमच्या सिंधुदुर्गात अजून फारसं कुणाला ठाऊक नाही. 2024 साली फ्लाय 91 या गोव्यातल्याच कंपनीने तिथल्या मोपा विमानतळावरून अगत्तीला एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान सुरू केलं आणि कुडाळ-सावंतवाडीकडच्या माणसाचा कोचीचा वळसा वाचला. बातमी वाचल्यापासून बाबांनी विषय सोडला नव्हता. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर रस्ते मोजलेल्या माणसाला समुद्राच्या मधोमध बांधलेली धावपट्टी बघायची होती, आणि मला ती बघणारे बाबा.

तिकिटाआधी प्रवेशपत्राचं बघावं लागतं. 1967 सालच्या नियमांप्रमाणे बेटांवरचा रहिवासी नसलेला कोणीही, मग तो भारतीय का असेना, परवान्याशिवाय तिथे जाऊ शकत नाही. काहींना हे जाचक वाटतं. मला वाटलं नाही. सगळं लक्षद्वीप मिळून 36 बेटं, त्यातली 10 वस्तीची, आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी 32 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत अनुसूचित जमातीचे म्हणून नोंदलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. दारावर कोणी विचारलं, की कोण तुम्ही आणि किती दिवस राहणार, तर त्यात गैर काय?

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे बहुतेक जागांवरून खालचं दिसतं. तासभर मात्र बघण्यासारखं काही नव्हतं, निळं पाणी आणि त्यावर ढगांच्या सावल्या. मग विमान हळूहळू खाली यायला लागलं आणि गडद निळ्यात अचानक एक पांढरी रेघ उमटली. तिथे लाटा प्रवाळभित्तीवर फुटत होत्या. रेघेच्या आत पाण्याचा रंगच वेगळा, हिरवट, इतका उजळ की तळाची वाळू आणि प्रवाळांचे काळपट ठिपके दिसत होते. प्रवाळभित्तीने अडवलेलं हे शांत, उथळ पाणी म्हणजे लगून. आमची खिडकी डावीकडची होती, म्हणून लगून पूर्ण मिळालं.

आम्ही दक्षिणेकडून उतरलो. अगत्ती हे उत्तर-दक्षिण पसरलेलं चिंचोळं बेट आहे आणि विमानतळ त्याच्या अगदी दक्षिण टोकाला. चाकं टेकायच्या क्षणापर्यंत खाली पाणीच. मग काळा डांबरी पट्टा आला, चाकं टेकली, आणि वैमानिकाने लगेच असा ब्रेक लावला की सगळे पुढे झुकले. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून समुद्र दिसत होता.

विमान थांबल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "ह्यो रनवे चिपीच्या अर्धोपण नाय गो, बाय."

खरंच नाही. चिपीची, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गच्या विमानतळाची धावपट्टी 2,500 मीटर, अगत्तीची 1,204. पुढचे सगळे दिवस हा आकडा आमच्याबरोबर होता.

विमानतळाची इमारत एकमजली, ठेंगणी. विमानातून उतरून चालत आत जायचं. बाहेर अग्निशमनाची गाडी तयारीत उभी, आत पोलीस प्रत्येकाचं प्रवेशपत्र बघून नोंद करतायत. आमच्या विमानातले अर्धेअधिक पर्यटक होते. पण मागच्या रांगेतल्या एक आजी, मांडीवर मोठा एक्स-रेचा लिफाफा सांभाळत आलेल्या, त्यांना घ्यायला सगळं घर आलं होतं. मुलं, सुना, नातवंडं. कोणी आजींचा हात धरला, कोणी लिफाफा. कोकणात मुंबईहून येणाऱ्याला स्टेशनवर घ्यायला जातात ना, तीच लगबग.

आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो ते यजमान रिक्षा घेऊन आले होते. वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्हीकडे माड, मधे केळी, आणि एका परसात चक्क नीरफणस. बाबांनी रिक्षा थांबवून तो बघितला. कुत्रं मात्र एकही दिसलं नाही. यजमान म्हणाले, लक्षद्वीपच्या बेटांवर कुत्री नाहीतच.

शुक्रवार

सकाळी बाबा माझ्याआधी उठून निघाले होते. मी गाठलं तेव्हा ते विमानतळाच्या कुंपणाबाहेर वाळूतून पावलं मोजत चालत होते. इथे बेट इतकं अरुंद आहे की पश्चिमेला लगून आणि पूर्वेला उघडा समुद्र, दोन्हींचे आवाज एकाच वेळी ऐकू येतात. पश्चिमेकडची लाट वाळूवर येऊन नुसती विरते. पूर्वेकडची मोडलेल्या प्रवाळांच्या ढिगावर आदळते, आणि परतताना ते तुकडे एकमेकांवर घासले जातात.

ही धावपट्टी 1988 साली वापरात आली. तेव्हा वायुदूत या सरकारी कंपनीची छोटी डॉर्नियर विमानं इथे उतरत. त्याआधी कोचीहून जहाज हाच एक मार्ग होता, आणि आजही बेटावरची बहुतेक माणसं जहाजानेच जातात येतात. कोची इथून सुमारे 460 किलोमीटर. जहाजाला पंधरा-वीस तास लागतात, विमानाला दीड तासाच्या आत-बाहेर. आख्ख्या लक्षद्वीपमध्ये विमानतळ हा एकच. राजधानी कवरत्ती, पण तिथे विमान उतरत नाही. तिथे जायचं तर इथून पुढे बोट किंवा हेलिकॉप्टर.

बाबांना प्रश्न पडला होता की एटीआर 72 ला साधारण सत्तर जागा असताना काल विमानात एवढ्या रिकाम्या का होत्या. हिशेब त्यांनीच उलगडला, आणि संध्याकाळी विमानतळाशी कामानिमित्त संबंध असलेल्या एका गृहस्थांनी त्याला दुजोरा दिला. उड्डाणासाठी धावत असताना एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या डांबरात विमान थांबवता आलं पाहिजे. धावपट्टी आखूड असली की हे फक्त हलक्या विमानाला जमतं. त्यात उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. शिवाय ढगांमुळे इथे उतरता आलं नाही तर जवळ दुसरा विमानतळ नाही, म्हणून मुख्य भूमीपर्यंत परत जाण्याइतकं इंधन घेऊनच यावं लागतं. ते वजन आलंच. मग कमी काय करायचं? माणसं आणि सामान. म्हणून इथे बॅगांचं वजन इतकं काटेकोर बघतात.

तर 1,204 मीटर हा नुसता बांधकामाचा आकडा नाही. दिवसाला किती माणसं विमानाने या बेटावर येणार, हे तोच आकडा ठरवतो.

आणि येणाऱ्यांना लागणाऱ्या पाण्याचं काय? नदी नाही, ओढा नाही. प्रवाळाच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरींना लागतं ते हेच पाणी. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. मालवण-देवबागच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2011 साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. कल्पना सुंदर आहे. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली आणून त्याची वाफ करायची आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत बेटाची वस्ती 7,566 होती. बाबांनी तोंडी भागाकार केला, माणशी तेरा लिटर. आम्ही दोघांनी त्या दिवसापासून आंघोळ एका बादलीत उरकली.

दुपारी जुम्म्याची नमाज. रस्ते रिकामे, दुकानं बंद. आम्ही राजीव गांधी रुग्णालयावरून चालत गेलो. आसपासच्या बेटांवरचे रुग्णही इथे येतात. अवघड दुखणं असेल तर पुढे कोचीला. एखाद्या बेटावरची बाळंतीण अडली किंवा कुणाला झटका आला, तर हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. संध्याकाळी यजमानांच्या घरी त्यांच्या बहिणीने नारळाचं दूध आणि केळ्याबरोबर किलांजी वाढली, तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन. घर त्या बहिणीचं आहे. इथे घर-जमीन आईकडून मुलींकडे जाण्याची जुनी रीत आहे, आणि भाऊ त्या घरात किती सहज, किती आदराने वावरत होता.

जेवताना यजमान म्हणाले, "सर, पर्यटक यावेत. माझी रिक्षा त्यांच्यावर चालते. पण आईला कोचीला डॉक्टरांकडे न्यायचं असतं तेव्हा जहाजाची तिकिटं मिळत नाहीत, आणि विमानाचं भाडं सुट्टीच्या दिवसांत आमच्या आवाक्यात राहत नाही."

बाबा त्यावर काही बोलले नाहीत. मीही. आम्ही ज्या दोन जागांवर बसून आलो त्या डोळ्यांसमोर होत्या.

शनिवार

पहाटे धक्क्यावर गेलो. अगत्ती हे कुप्याचं, म्हणजे ट्यूना माशाचं बेट. आमच्याकडे कुप्याला सुरमई-पापलेटाचा मान नाही, इथे सगळं घर कुप्यावर उभं आहे. आणि तो पकडतात कसा, तर जाळ्याने नाही, गरवून, म्हणजे गळाने.

आधी लगूनमध्ये शिरून प्रवाळांच्या आसपासची चिमुकली मासळी जाळ्यात उचलतात. बोटीच्या पोटातच तिच्यासाठी हौद असतो, त्याला भोकं, म्हणजे समुद्राचं पाणी खेळतं राहतं आणि आमिष जिवंत राहतं. मग भित्तीबाहेर खोल पाण्यात जाऊन कुप्यांचा थवा शोधायचा. सापडला की मूठमूठ जिवंत आमिष फेकायचं, पाण्याचे फवारे उडवायचे, म्हणजे वर खळबळ दिसून मासे चवताळून येतात. मागच्या कठड्यावर ओळीने उभे असलेले लोक लांब काठ्या पाण्यात घालतात आणि एकेक मासा डोक्यावरून बोटीत भिरकावतात. गरीला उलटा काटा नसतो, म्हणून मासा आपोआप सुटून पडतो आणि काठी पुन्हा पाण्यात. कासव नाही, डॉल्फिन नाही, नको ती पिल्लं नाहीत. जो हवा तोच मासा येतो. आमच्या किनाऱ्यावर एलईडी दिवे लावून आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याने सगळा थवा खरवडून नेतात, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. म्हणून धक्क्यावर उभी राहून हे ऐकताना मला भरून आलं.

दुपारी एका परसात 'मास', म्हणजे इथला सुकवलेला कुपा, करताना बघितला. कुप्याच्या फोडी खाऱ्या पाण्यात उकडायच्या, मग धुरी द्यायची, मग दिवसेंदिवस उन्हात वाळवायच्या. शेवटी तुकडा खैराच्या लाकडाइतका टणक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तासून, खोबरं आणि कांदा घालून भाताबरोबर खातात.

आता ही सगळी साखळी नीट पाहिली तर तिची पहिली कडी लगूनमध्ये आहे. आमिषाची मासळी जिवंत प्रवाळांच्या फांद्यांत राहते. प्रवाळ गेले की ती गेली, ती गेली की गरवणं गेलं. आणि प्रवाळांनी आधीच खूप सोसलंय. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ टाकून देतात आणि पांढरे पडतात. ताप लांबला तर मरतात. 1998, 2010, 2016, आणि आता 2024. मधे सावरायला वेळ लागतो तोच कमी होत चाललाय.

तिसऱ्या प्रहरी छोट्या बोटीने कल्पिट्टीला गेलो. अगत्तीच्या दक्षिण टोकासमोरचं, त्याच लगूनमधलं हे निर्जन बेटुकलं. वाटेत पाणी कमरेइतकंच खोल असावं असं वाटत होतं. नावाडी दाखवत होता, बाबा कठड्यावर वाकून बघत होते. हिरवी समुद्री कासवं एका ठिकाणी गवत चरत होती, आमच्या सावलीने हलली आणि पुढे जाऊन पुन्हा चरायला लागली. सन 2000 नंतरच्या दशकात या लगूनमध्ये कासवं एवढी वाढली की त्यांनी समुद्री गवताची कुरणं पार खुरटून टाकली. गवतात वाढणारे मासे कमी झाले म्हणून कोळी कासवांवर चिडले. अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलंय. नावाड्याचं म्हणणं साधं होतं, "त्यांनाही खायचंय." खडकांच्या फटीत एक महाकाय शिंपला उघडा होता, कडेचं मांस जांभळं-निळं. वन्यजीव कायद्याने संरक्षित. आम्ही वरूनच बघितला.

कल्पिट्टीच्या वाळूवर उभं राहिलं की समोर धावपट्टीचं टोक दिसतं. मधे फक्त ते उथळ पाणी. धावपट्टी वाढवायची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, मोठी जेट विमानं उतरावीत म्हणून. आणि ती वाढवायची तर पाण्याशिवाय जागा नाही. कधी ती कल्पिट्टीपर्यंत नेण्याची कल्पना निघाली, कधी लगूनमध्ये भराव घालण्याची.

बाबांनी बराच वेळ टोकापासून टोकापर्यंत नजरेने अंदाज घेतला. मग म्हणाले, "भराव घालूक येता. त्यात काय कठीण नाय. पण पाणी खयसून फिरतला?"

रस्त्यांसाठी खाडीत भराव घालून काय होतं ते त्यांनी जवळून बघितलंय. मोरी अपुरी ठेवली की वरच्या अंगाचं खाजण कुजतं. इथे तर भरतीचं पाणी लगूनमध्ये आत-बाहेर होण्यावर सगळं अवलंबून. वाळू कुठे साठेल, कुठून वाहून जाईल, किनारा कुठे खचेल. आणि हेच लगून, त्याच्या कडेची हीच प्रवाळभित्ती पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटा अडवते. बेट समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच आहे.

माझं मत तिथेच पक्कं झालं. बेटावरच्या माणसाला दवाखान्याला, परीक्षेला, मयताला वेळेवर पोचता आलं पाहिजे. त्यासाठी जहाजं वाढवा, रुग्णांसाठी राखीव जागा ठेवा, हेलिकॉप्टरं वाढवा. पण जास्त पर्यटक उतरावेत म्हणून हे लगून बुजवू नये. ते बुजवलं तर पर्यटकांनी येऊन बघायचं काय, आणि इथल्यांनी खायचं काय?

रविवार

बंगारम आणि तिन्नकारा. ईशान्येला बोटीने जायचं, वस्ती नसलेली बेटं, वाळू पिठाइतकी बारीक. बंगारमला पर्यटकांसाठी राहायची सोय आहे आणि तिथे दारूलाही परवानगी आहे. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान येऊन गेले, त्यांची छायाचित्रं देशभर पोचली, त्यानंतर इथे यायची ओढ एकदम वाढली. बेंगळुरूहून इंडिगोचंही एटीआर त्याच वर्षी सुरू झालं. मी तासभर पाण्यात तोंड घालून तरंगत होते. वरून सुंदर दिसणाऱ्या भागात खाली बरेच प्रवाळ मेलेले, करडे, शेवाळ चढलेले. पण त्यांच्यावरच बोटभर उंचीच्या नव्या फांद्या, निळसर टोकांच्या, आणि त्यांत मासे. त्या नव्या फांद्यांवर कुणी पाय देऊ नये म्हणून आमचा नावाडी दर दहा मिनिटांनी ओरडत होता. दुसऱ्या बोटीतले दोघं प्रवाळांवर उभे राहून फोटो काढत होते. तो पोहत गेला आणि त्यांना हाताला धरून वाळूवर आणलं.

बाबा माडाच्या सावलीत झोपले.

सोमवार

इथली विमानं दिवसाउजेडी आणि डोळ्यांनी दिसेल तेव्हाच उतरतात. सकाळी पश्चिमेला ढग चढले तशी विमानतळावर सगळ्यांच्या माना वर गेल्या. आमच्या आधी कोचीचं विमान होतं. बसायच्या जागेत एका बाजूला पर्यटक, उन्हाने लाल झालेले. दुसऱ्या बाजूला बेटावरची माणसं. चाकाच्या खुर्चीत एक काका, हाताला सलाईनची सुई तशीच, बरोबर मुलगा आणि रुग्णालयाची फाइल. एक मुलगी प्रवेशपरीक्षेची पुस्तकं उघडून बसलेली. तिची आई दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन आकाश बघून येत होती. पर्यटकाचं विमान रद्द झालं तर त्याची सुट्टी एक दिवस वाढते. त्या काकांचं तसं नव्हतं.

सुरक्षा तपासणीत प्रवाळ आणि शंख आहेत का ते विचारतात. ते नेणं गुन्हा आहे, आणि विचारतात हे उत्तमच.

ढग फाटले. कोचीचं विमान उतरलं, सगळ्यात आधी काकांची खुर्ची गेली, मुलीच्या आईने कुंपणापाशी जाऊन हात हलवला. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला जाऊन वळलं, जागेवरच इंजिनं गरजवली आणि मग सुटलं. बाबा घड्याळ लावून होते. नंतर आमचं आलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत जावं, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि वेगवान बोटी बंद असतात. प्रवेशपत्राचं काम तिकिटाच्या आधी सुरू करा, वेळ लागतो. रोख पैसे आणि रोजची औषधं बरोबर असू द्यात. कोचीहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल 2024 पासून सुरू आहे, त्यामुळे फोनची पूर्वीइतकी अडचण नाही. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणा, बेटावर ते टाकायला जागा नाही. आणि मोपाला उतरल्यावर त्याच रात्रीची गाडी धरून पुढचं आरक्षण करू नका. मधे एक दिवस मोकळा ठेवा, कारण अगत्तीला विमान कधी उतरणार हे शेवटी ढगच ठरवतात.